टी-शर्टची गोधडी शिवताना

अगं, आधी कात्री बाजूला ठेव. टी-शर्ट धुऊन घे, पण सॉफ्टनर नको. त्याने पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड, नीट धरत नाही. होजिअरी ताणते, म्हणून उलट्या बाजूने पातळ पेस्टिंग लाव, मगच नेमका चौकोन काप. १२ इंची हवा तर १३ इंच काप, दोन्हीकडे अर्धा इंच शिलाईत जातो. इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही. ढोल पथकाच्या त्या रबरी छपाईखाली बटर पेपर ठेव, नाहीतर अक्षरं चादरीला चिकटतील. मशीनला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई लाव, म्हणजे टाके सुटत नाहीत. अस्तराला आईचं जुनं सुती पातळ मिळालं तर उत्तमच. पुण्याच्या थंडीला मध्ये जाड कापूस कशाला? आणि फाटका टी-शर्टही टाकू नकोस, खिशाएवढा तुकडा निघतोच.