गुणपत्रिका कुणी पाहिलीच नाही

खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका गुरुजींचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीला मराठी माध्यमातून एसएसएलसीला (दहावीला) ९६ टक्के आणि बेळगावात इंग्रजी माध्यमातून कला शाखेच्या दुसऱ्या पीयूसीला (बारावीला) ९४ टक्के गुण मिळाले. वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांची प्रमाणपत्रे एका फाईलीत मावत नाहीत. वकील व्हायचे हे तिने आठवीतच ठरवले होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी असलेल्या क्लॅट परीक्षेत मात्र तिला १२० पैकी ६०.५ गुण मिळाले आणि त्या विद्यापीठांची शेवटची यादी लागली तरी तिचे नाव कुठेच आले नाही. 'एवढी गुणवत्ता असून मुलीला नाकारले, यात अन्याय झाला का? मराठी माध्यमाने घात केला का? एक वर्ष थांबावे, की बेळगावातच प्रवेश घ्यावा?' असे त्यांनी विचारले आहे. मुलगी नीट जेवत नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही, असेही शेवटी दोन ओळींत लिहिले आहे.

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपण पत्रासोबत तिच्या सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडल्या आणि प्रश्नपुस्तिकेच्या पानांचे फोटो पाठवले. प्रमाणपत्रे मी कौतुकाने पाहिली, पण माझा सगळा वेळ गेला तो पुस्तिकेवर. कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

'गुणवत्ता असून नाकारले' हे आपले वाक्य मला दुरुस्त करावेसे वाटते. क्लॅटच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या टक्क्यांना काहीही वजन नसते. सर्वसाधारण गटातील विद्यार्थ्याला बारावीला ४५ टक्के मिळाले की तो पात्र ठरतो; त्यापुढे ४६ टक्केवाला आणि ९४ टक्केवाली एकाच रांगेत उभे राहतात. वक्तृत्वाची ढाल, निबंधाचे बक्षीस, मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र यांपैकी काहीही कुणासमोर जात नाही, मुलाखतही होत नाही. तिची गुणपत्रिका कुणी नाकारली नाही, कारण ती कुणी पाहिलीच नाही. दोन तासांच्या एका पेपरात तिला कमी गुण पडले, एवढेच घडले आहे. त्याचे दुःख खरे आहे आणि ते मी लहान करत नाही. पण बारा वर्षांचा अभ्यास कुणी तपासून टाकाऊ ठरवला, असा जो अर्थ आपल्या घरात निघाला आहे, तो चुकीचा आहे आणि मुलीला जास्त तोच लागला आहे.

आता पुस्तिकेकडे वळू. १२० प्रश्न आणि १२० मिनिटे, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. २०२० पासून हा पेपर उताऱ्यांवर आधारलेला आहे: सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली काही प्रश्न. सगळे उतारे धरले तर नऊ-दहा हजार शब्दांचे वाचन होते, प्रश्न आणि पर्याय वेगळेच. आपल्या मुलीने निळ्या पेनाने महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आहेत. इंग्रजीचे उतारे, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, या सर्व पानांवर तिची नीट, शिस्तीची रेघ दिसते. एका ठिकाणी तर तिने समासात 'अपवाद' असे मराठीत लिहिले आहे, आणि त्या प्रश्नाचे तिचे उत्तर बरोबर आहे. तार्किक विचाराच्या दुसऱ्या उताऱ्याच्या मध्यावर ती रेघ थांबते. त्यानंतरची पाने कोरी आहेत.

तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत अंतिम उत्तरसूचीशी ताडून पाहिली. कोऱ्या पानांच्या आधी तिने ८७ प्रश्न सोडवले, त्यांपैकी ६५ बरोबर आणि २२ चूक; म्हणजे ५९.५ गुण. कोऱ्या पानांवरील २६ प्रश्नांना तिने शेवटच्या काही मिनिटांत उत्तरे दिली, त्यांत ६ बरोबर आणि २० चूक. पदरात पडला एक गुण. सात प्रश्न तसेच राहिले. जे प्रश्न तिने वाचले त्यांत चारांतले तीन ती बरोबर सोडवते. याच प्रमाणात ते २६ प्रश्न सुटले असते तर एक गुणाऐवजी सतरा मिळाले असते. तेवढ्या गुणांवर कुठले विद्यापीठ मिळाले असते, हा हिशेब मी मांडत नाही, कारण पेपर सोपा-अवघड होतो तशी दरवर्षी यादी हलते आणि जर-तरच्या हिशेबाने मन आणखी कुढते. हिशेब दाखवला तो एवढ्यासाठीच, की तिला कायद्याचा उतारा समजतो. तो पुरेशा वेगाने वाचून होत नाही.

यातच मराठी माध्यमाचे उत्तर आले. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. दहावीपर्यंत सगळे विषय मराठीतून शिकलेले मूल पीयूसीच्या दोन वर्षांत इंग्रजी समजू लागते, लिहूही लागते. पण वाचनाचा वेग दोन वर्षांत येत नाही, कारण तो अवांतर वाचनाने येतो आणि पीयूसीचा विद्यार्थी नोट्स वाचतो. मिनिटाला दीडशे शब्द वाचणाऱ्या मुलीचा निम्मा वेळ उतारे वाचण्यातच जातो. त्यामुळे मराठी माध्यमामुळे ती एका बाबतीत मागे राहिली, हे मी मान्य करते; मराठी माध्यमाने तिचे नुकसान केले, हे मान्य करणार नाही. तो समासातला 'अपवाद' तिला मराठीतच सुचला होता. शिवाय हा वेगाचा प्रश्न बेळगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही पडतो; ती मुले फक्त तो कबूल करत नाहीत.

अन्यायाविषयी थोडक्यात. परीक्षेत चुका होतच नाहीत असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटमधील काही प्रश्नांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये त्यांपैकी काहींच्या गुणांत दुरुस्ती करायला लावली गेली. पण तो वाद विशिष्ट प्रश्नांच्या विशिष्ट उत्तरांचा होता. त्यासाठी प्राथमिक उत्तरसूची लागल्यावर थोड्या मुदतीत, शुल्क भरून हरकत घ्यावी लागते. 'माझी मुलगी हुशार आहे' ही हरकत तिथे नोंदवता येत नाही, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्याचा आपला विचार सोडून द्यावा.

एका गोष्टीवर मात्र मला आपल्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. आपण लिहिता की अर्ज भरताना 'कर्नाटक विद्यार्थी' हा रकाना 'आपण मराठी असल्यामुळे' सोडून दिला. गुरुजी, बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील २५ टक्के जागांसाठीचा तो रकाना मातृभाषा विचारत नाही. कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांत किमान दहा वर्षे शिकलेला विद्यार्थी, असा त्याचा अर्थ आहे. आणि खानापूर तालुक्यातील आपली सरकारी मराठी शाळा त्यात पूर्णपणे बसते. यंदाच्या गुणांवर त्या रकान्याने काही बदलले नसते, कारण यादीत अगदी वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांची पहिली पसंती बेंगळुरूच असते. पण ही चूक मी दरवर्षी दोन-तीन घरांत पाहते. सीमाप्रश्नाबद्दलच्या आपल्या भावना मला परक्या नाहीत, मीही इथलीच आहे. परंतु प्रवेशअर्जाचा रकाना ही त्या व्यक्त करण्याची जागा नव्हे.

महाराष्ट्राच्या बाजूने काही सवलत आहे का, असेही आपण विचारले आहे. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश नियमांत सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी 'ई' प्रकार आहे, आणि त्याच ऐकीव माहितीवर अनेक पालक विधी शाखेसाठीही निश्चिंत राहतात. तसे गृहीत धरू नका. त्या वर्षाची माहितीपुस्तिका घेऊन त्यातील पात्रतेचे कलम स्वतः वाचा. महाराष्ट्राच्या विधी प्रवेश परीक्षेचा मोठा फायदा वेगळाच आहे: तो पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो आणि त्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पुढच्या वर्षी विचार करायचा असेल तर कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे १९२४ सालापासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय अशी नावे त्या वाटेवर येतात.

आता वर्ष थांबवण्याचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: थांबवू नका. नुसते घरी बसून एकाच परीक्षेची तयारी करणारी मुलगी दिवाळीपर्यंत उत्साहात असते आणि डिसेंबर जवळ आला की तिच्यावर संपूर्ण वर्षाचे ओझे येते. बेळगावात पाच वर्षांच्या बीए एलएलबीला प्रवेश घ्यावा, आणि तिची इच्छा असेल तरच डिसेंबरमध्ये पुन्हा क्लॅट द्यावी. त्या परीक्षेला कमाल वयाची अट नाही. यश आले तर पहिले वर्ष सोडावे लागेल, पण घरी बसली असती तरी ते वर्ष गेलेच असते. आणि नाही आले, तर हाती दुसरे वर्ष असेल. तयारी म्हणजे नवा क्लास नव्हे. रोज सकाळी इंग्रजी वृत्तपत्रातील दोन संपादकीय लेख घड्याळ लावून वाचायचे आणि प्रत्येकाचा सारांश तीन वाक्यांत लिहायचा. शब्दकोश वाचून झाल्यावर उघडायचा, मध्येच नाही. पहिल्या महिन्यात हे फार कंटाळवाणे वाटेल, हे तिला आधीच सांगून ठेवा.

'लोक म्हणतील, एवढे टक्के आणि शेवटी बेळगावातच' असे आपण लिहिले आहे. कर्नाटक लॉ सोसायटीचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून इथे उभे आहे. १९८९ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या तिथे शिकले आणि २०१७ ते २०२२ या काळात देशाचे महान्यायवादी असलेले के. के. वेणुगोपाल यांनीही कायद्याचे शिक्षण तिथेच घेतले. ही नावे मी आपल्याला धीर देण्यासाठी लिहीत नाही. काकतीपासून खानापूरपर्यंत जे लोक म्हणतील त्यांना सांगण्यासाठी लिहिते. आणि इथे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, म्हणजे जी गुणपत्रिका तिथे कुणी पाहिली नाही, ती इथे पहिल्यांदा पाहिली जाईल.

दोन्हीकडची तुलना प्रामाणिकपणे करायची तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांत मोठ्या कंपन्या आणि मोठ्या वकिली फर्म भरतीसाठी येतात, सोबतीला देशभरातील मुले असतात आणि ग्रंथालय समृद्ध असते. हे सारे इथे त्या प्रमाणात नाही. बहुतेक विद्यापीठांचे वार्षिक शुल्कही दोन लाखांच्या पुढे आहे, जे आपल्या पगारावर कर्जाशिवाय झेपले नसते. परंतु पदवीनंतर वकिलीच्या सनदेसाठीची अखिल भारतीय परीक्षा सर्वांना सारखीच द्यावी लागते. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली, तीही सर्वांनाच आहे. एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायची झाल्यास क्लॅटच्याच पदव्युत्तर परीक्षेतून त्याच विद्यापीठांची दारे पाच वर्षांनी पुन्हा उघडतात.

शिवाय इथल्या वकिलीला काय लागते, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जमिनीच्या वादांत निघणारे जुने कागद मराठीत आणि पुष्कळदा मोडीत असतात. आजचे जबाब आणि आदेश कन्नडमध्ये येतात. धारवाडच्या खंडपीठात अपील गेले की सगळे इंग्रजीत मांडावे लागते. पक्षकार मात्र बाकावर शेजारी बसून मराठीतच सांगत असतो. ज्या वकिलाला या तिन्ही भाषा हाताळता येतात आणि मोडी वाचता येते, त्याला इथे काम शोधत फिरावे लागत नाही. आपल्या मुलीची मराठी उत्तम आहे, इंग्रजी वाढते आहे. कन्नड तिला परीक्षेपुरती येते असे आपण लिहिता. माझ्या मते पुढच्या पाच वर्षांत तिने सर्वांत गंभीरपणे करण्याची गोष्ट तीच आहे, आणि आपण घरात कन्नडबद्दल कोणत्या सुरात बोलता यावर ती बरीच अवलंबून राहील.

शेवटी घरातल्या गोष्टी. 'तुझ्यापेक्षा कमी टक्क्यांच्या मुलीला मिळाले' हे वाक्य आपण तिला धीर देण्यासाठी बोललात, पण तिने ते कसे ऐकले असेल याचा विचार करा. तिच्या आत्यांना निकालाची चौकशी सध्या तरी आपल्याकडेच करायला सांगा. तिला बोलते करण्याचा आग्रह नको. जेवायला सगळ्यांबरोबर बसावे एवढाच आग्रह धरा. भूक आणि झोप आणखी पंधरवडाभर अशीच राहिली, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही ती बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, माझ्या उत्तराची वाट पाहू नका.

येत्या आठवड्यात तिला माझ्याकडे पाठवा. दोन वर्षे ती खानापूरहून बसने रोज येत होती, तेव्हा सोबत येण्याची गरज नाही. तिने प्रश्नपुस्तिका आणावी. ती कोरी राहिलेली पाने आम्ही दोघी घड्याळ न लावता सोडवून पाहू.