शिकवण्याचे १६ तास आणि मंजूर झालेला प्रकल्प

तुम्ही लिहिलंय की सहायक प्राध्यापक म्हणून नुकतेच रुजू झालात, तीन वर्षांचा पहिला प्रकल्पही मंजूर झाला, आता वेळ कुठून काढू? मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि संत्र्यावर संशोधन करते, त्या अनुभवावरून सांगते.

आधी टाइमटेबल बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तुमच्याकडे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन येतं. ते सहाही दिवस विखुरले, तर मधल्या मोकळ्या तासात चहा आणि सह्या उरकतात, प्रयोग होत नाही. प्रकल्पाचा निधी उपकरणं, रसायनं, प्रवास आणि जेआरएफ (प्रकल्पावर विद्यावृत्ती घेऊन काम करणारा संशोधक विद्यार्थी) यांच्यासाठी असतो. तुमच्या तासिका दुसऱ्याकडे देण्यासाठी नाही. म्हणून सत्र सुरू व्हायच्या आत मंजुरीपत्र जोडून विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या: तास पूर्ण घेईन, फक्त ते चार दिवसांत बसवा. तास कमी मात्र मागू नका. ते शेवटी तासिका तत्त्वावरच्या एखाद्या शिक्षकाच्या डोक्यावर पडतात, आणि त्यांची ओढाताण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

दुसरं, विषयाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्यांची) तोडणी ऐन हिवाळी परीक्षांच्या दिवसांत येते आणि मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्यांची) मार्च एंडिंगच्या गडबडीत. बागा आपल्यासाठी थांबत नाहीत. त्या आठवड्यांत पर्यवेक्षण लागू नये म्हणून मी ऑगस्टमध्येच सहकाऱ्यांशी बोलून ठेवते आणि बदल्यात उन्हाळी परीक्षेचे जास्त पेपर तपासते. एमएस्सीच्या मुलांना प्रोजेक्टही त्याच बागांमधले देते. पण प्रश्न त्यांचा स्वतःचा हवा. नुसते नमुने गोळा करायला मुलं नेऊ नका, ती काही शिकत नाहीत.

जेआरएफला स्वतःच्या जागी वर्गावर पाठवायचा मोह होईल. कृपा करून पाठवू नका. त्याची पीएचडी याच तीन वर्षांत उभी राहायची आहे.

आणि खरेदी! पैसे जमा झाले की त्याच आठवड्यात इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाका. जेम पोर्टल (सरकारी ऑनलाइन खरेदी), कोटेशन, खरेदी समिती यांत महिने जातात आणि ३१ मार्च येऊन ठेपतो. यूसी (निधी कसा खर्च झाला त्याचं प्रमाणपत्र) वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, जेआरएफचं पोरगं भाड्याच्या खोलीत विद्यावृत्तीची वाट बघत बसतं. लेखा विभागाशी दर महिन्याला आकडे जुळवून घ्या, मार्चमध्ये एकदम नाही.