नैसर्गिक आपत्तीनंतर गरीब देशांतली घरं खरंच दोन-तीन वर्षांत सावरतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, नुकसानीचे आकडे श्रीमंत देशांत मोठे असतात तरी फटका गरीब देशांना जास्त बसतो असं का म्हणतात, आणि दुसरं, मदत मिळाली की दोन-तीन वर्षांत घरं पूर्वपदावर येतात ना. मी कामानिमित्त घरोघरच्या सर्व्हेचा डेटा बघते, म्हणजे मागच्या सात दिवसांत काय खाल्लं, काय विकलं, कर्ज कुणाकडून काढलं असली माहिती, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी आकड्यांचं बोलू. २०१० मध्ये हैतीत ७.० चा भूकंप झाला आणि दीड महिन्यात चिलीत ८.८ चा. डॉलरमध्ये चिलीचं नुकसान कितीतरी जास्त, साधारण ३० अब्ज, हैतीचं ८ अब्जांच्या आसपास. पण हैतीचे ते ८ अब्ज म्हणजे त्या देशाच्या अख्ख्या वर्षाच्या जीडीपीपेक्षा जास्त होते! पडलेल्या मालमत्तेची किंमत मोजली की ज्याच्याकडे जास्त आहे त्याचंच नुकसान जास्त दिसणार, आणि ज्याच्याकडे एक खोली, दोन शेळ्या आणि पुढच्या पेरणीचं बियाणं एवढंच होतं त्याचं सगळं वाहून गेलं तरी बेरजेत ते कुठे दिसतच नाही. जागतिक बँकेने २०१६ मध्ये हाच हिशोब लोकांच्या राहणीमानावर काय परिणाम होतो या बाजूने मांडला, तेव्हा वर्षाला ५२० अब्ज डॉलरचा फटका आणि दरवर्षी साधारण २ कोटी ६० लाख माणसं गरिबीत ढकलली जातात असा अंदाज निघाला.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपत्ती आली की घर हातावर हात ठेवून बसत नाही, तगून राहायला काही ना काही करतं, आणि त्या पहिल्या काही आठवड्यांत जे करावं लागतं ना त्यातच पुढची दहा-वीस वर्षं ठरतात.

दुष्काळ घ्या. पीक गेलं पण घरात गुरं आहेत, तर आपल्याला वाटतं की सोपं आहे, गुरं विकायची, धान्य घ्यायचं, पाऊस झाला की परत गुरं घ्यायची. पण त्याच आठवड्यात आजूबाजूची दहा गावं त्याच बाजारात गुरं घेऊन उभी असतात, चारा नाही म्हणून जनावरांच्या बरगड्या दिसतायत, घ्यायला कोणी पुढे येत नाही, भाव पडतो, आणि धान्याचा भाव नेमका तेव्हाच चढलेला असतो. एरवी एका बैलात जेवढे महिने घर चाललं असतं त्याच्या जवळपासही धान्य येत नाही. पुढे पाऊस झाला की सगळ्यांनाच एकदम बैल हवे असतात, म्हणजे मातीमोल विकायचं आणि महागात घ्यायचं. हे लोकांना चांगलं कळतं, म्हणून बरीच घरं विकतच नाहीत. बुर्किना फासोमधल्या १९८१ ते १९८५ च्या दुष्काळाचा अभ्यास झालाय, त्यात गुरं विकून उत्पन्नातली फार तर ३० टक्के तूट भरून निघाली असं दिसलं. उरलेल्या तुटीतली बरीचशी लोकांनी पोटाला चिमटा घेऊन सोसली.

आणि पोट कोणाचं, हे विचारायलाच हवं. झिंबाब्वेत १९९४-९५ च्या दुष्काळानंतर मुलांची उंची मोजली गेली, तर त्या वेळी १ ते २ वर्षांची असलेली मुलं वाढीत दीड ते दोन सेंटीमीटर मागे पडली होती, आणि पुढची पिकं चांगली आली तरी ती तूट पूर्ण भरून निघाली नाही. दोन सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण ज्या वयात मेंदू सगळ्यात वेगाने वाढतो त्याच वयात जेवण कमी पडलं याची ती खूण असते.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण पाकिस्तानचं आहे, ऑक्टोबर २००५ च्या भूकंपाचं. तिथे मदत बऱ्यापैकी पोचली, घरं परत उभी राहिली. चार वर्षांनी संशोधकांनी फॉल्टलाइनजवळची, म्हणजे जमिनीतल्या ज्या भेगेवर भूकंप झाला तिच्याजवळची, आणि लांबची घरं ताडून बघितली तर मोठ्या माणसांच्या बाबतीत, म्हणजे मालमत्ता, घरखर्च वगैरे, फारसा फरक उरलाच नव्हता. इथे थांबलं तर तुमचं म्हणणं खरं, घरं सावरली. पण भूकंपाच्या वेळी जी मुलं आईच्या पोटात होती किंवा तीन वर्षांच्या आतली होती ती फॉल्टलाइनजवळ उंचीला कमी राहिली होती, आणि शाळेत जाणारी मुलं परत शाळेत जायला लागली होती तरी चाचण्यांमध्ये मागे होती. ज्यांच्या आईने निदान प्राथमिक शिक्षण पूर्ण केलं होतं त्या मुलांमध्ये अभ्यासातली घसरण जवळपास दिसली नाही, उंचीची तूट मात्र त्यांनाही चुकली नाही. म्हणजे त्याच घरात आईबाप सावरले आणि मूल मागे राहिलं, आणि आपल्या सरकारी रिपोर्टमध्ये मोजतात काय तर घरं किती बांधली.

शेजारीपाजारी, नातेवाईक मदत करतात की, असं कोणी म्हणेल. एका घरात आजारपण आलं तर करतातच. पुरात सगळेच बुडालेले असतात, कोण कोणाला देणार? म्हणून लांब राहणारा माणूस फार मोलाचा ठरतो. फिलिपिन्समध्ये ज्या घरातलं कोणी परदेशात होतं तिथे पावसामुळे बुडालेल्या उत्पन्नापैकी साधारण ६० टक्के रक्कम बाहेरून येणाऱ्या पैशाने भरून निघत होती. ज्यांचं बाहेर कोणी नाही त्यांना कर्ज. बांगलादेशात १९९८ च्या महापुरात देशाचा दोन तृतीयांश भाग पाण्याखाली होता, तिथे असंख्य घरांनी कर्ज काढलं ते जेवायला काढलं, आणि पाणी ओसरल्यावरही कित्येक महिने ते अंगावर होतं. जेवायला काढलेल्या कर्जातून काही उगवत नाही, ते पुढच्या हंगामाच्या कमाईतूनच फेडावं लागतं.

त्यामुळे मदत मिळाली का याच्याइतकाच प्रश्न कधी मिळाली हा आहे. सहा महिन्यांनी आलेल्या मोठ्या रकमेने गेलेलं जनावर त्या भावात परत येत नाही. केनियात मर्साबित भागात सॅटेलाइटवरून कुरण किती वाळलंय ते बघून पैसे देणारा पशुविमा सुरू झाला आणि २०११ च्या दुष्काळात पैसे दिले गेले, तर विमा असलेल्यांपैकी बऱ्या स्थितीतल्या घरांवर गुरं विकायची पाळी कमी आली आणि गरीब घरांवर जेवण कमी करायची. बांगलादेशात २०२० मध्ये तर पूर चढायच्या आधीच, अंदाज बघून, मोबाइलवर पैसे पाठवले, आणि ज्यांना मिळाले त्यांच्यात दिवसभर उपाशी राहायची वेळ कमी जणांवर आली.

अर्थात हे जमायला कोणाला द्यायचं ती यादी आधीच तयार लागते, आणि भाड्याने राहणारे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे, ज्यांच्या नावावर कसलाच कागद नाही असे लोक त्या यादीतून हमखास सुटतात. तुम्हाला एखाद्या भागाचं खरोखर काय झालं हे बघायचं असेल तर घरबांधणीचे आकडे बाजूला ठेवा आणि तिथल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी मागा, त्या वर्षी जमीन-जनावरं कोणी कोणाला विकली ते बघा, आणि शाळेच्या पटावर नाव असलेल्यांपैकी वर्गात रोज किती बसतात ते विचारा.