आणीबाणीचा परवाना आणि मुलीची इच्छा

पत्राचा सारांश: मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोविडमध्ये अमेरिकेतील राज्यांनी बाहेरच्या परिचारिकांना परीक्षेविना परवाने दिले, तशी संधी पुन्हा येईल, असे सांगून एजंट दोन लाख रुपये आगाऊ मागत आहे. मुलीला जायचे नाही. तिचे मन कसे वळवावे? — एक पालक, सातारा

आपल्या दोन पानी पत्रात मुलीचे मत एकाच वाक्यात आले आहे: ‘तिला इथेच आयसीयूमध्ये काम करायचे आहे, पण तिला जगाची काय समज?’ वॉर्डात उभी राहून रुग्णांचे आणि नातेवाइकांचे सारे काही निभावायला शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या नोकरीपुरतीही समज नाही, हे मला पटत नाही. तिचे गुण घसरल्याचा दोष आपण मोबाइलला दिला आहे. पण रोज जेवताना हा विषय निघतो आणि ती अर्धवट जेवून उठते, हेही आपणच लिहिले आहे. मला काळजी वाटते ती गुणांची नव्हे, या उठण्याची.

आता एजंटाच्या दाव्याविषयी. 2005 मध्ये अमेरिकेतील कतरिना वादळानंतर मदतीला धावलेले बाहेरच्या राज्यांतील डॉक्टर व परिचारिका परवान्याच्या अडचणीत अडकले, म्हणून 2006 मध्ये तेथे एक नमुना कायदा तयार झाला आणि काही राज्यांनी तो स्वीकारला. अमेरिकेतील एका राज्याचा वैध परवाना असलेल्या स्वयंसेवकाला, आणीबाणी जाहीर असेपर्यंत, दुसऱ्या राज्यात काम करता यावे, एवढाच त्याचा हेतू आहे. कोविडमध्ये अनेक राज्यांनी दिलेल्या सवलतीही मुख्यतः अशाच परवानाधारकांसाठी व मुदतीच्या होत्या. न्यू जर्सीने 2020 मध्ये परदेशी परवान्याच्या डॉक्टरांनाही तात्पुरती मुभा दिली खरी, पण ती अनुभवी डॉक्टरांसाठी होती. आपल्या मुलीची तर अजून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीही झालेली नाही. जो परवाना हातातच नाही, तो आणीबाणीत मान्य तरी कसा होणार? शिवाय अमेरिकेत परवाना राज्य देते आणि व्हिसा तेथील केंद्र सरकार, त्यामुळे राज्याने नियम सैल केल्याने परदेशातून येणाऱ्याला व्हिसा मिळत नाही. पुढच्या आणीबाणीसाठी आज नाव नोंदवून घेणे म्हणजे सरळसरळ फसवणूक आहे.

नेहमीचा मार्ग पदवी, नोंदणी, शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, एनसीएलईएक्स-आरएन (NCLEX-RN) ही अमेरिकेतील परिचारिका परवान्याची परीक्षा, इंग्रजीची चाचणी आणि मग व्हिसा असा आहे; तिला पुढे कधी वाटलेच, तर तो तिच्यासाठी तेव्हाही खुला असेल.

मन वळवण्याचा उपाय मी सांगणार नाही. एजंटाला पैसे देऊ नका आणि मूळ गुणपत्रिका त्याच्याकडे असतील तर आधी परत घ्या. जेवताना हा विषय आजपासून बंद करा. पुढचे पत्र मात्र मुलीला लिहू द्या, आणि ते पाठवण्यापूर्वी वाचायला मागू नका.