भूक लागली की खाईल, असे सगळेच सांगतात

"मॅडम, दोन दिवस काहीच दिले नाही, तर शेवटी खाईलच ना?" हा प्रश्न विचारताना त्या आईचा आवाज खाली आला होता, कारण शेजारच्या खोलीत तिचा सहा वर्षांचा मुलगा एकट्यानेच गाड्यांची रांग लावत बसला होता आणि आपले बोलणे त्याने ऐकू नये असे तिला वाटत होते. साडेतीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले होते. बोलणे, शाळा, झोप या सगळ्यांत थोडीफार वाट सापडली होती. जेवणाच्या बाबतीत मात्र गाडी उलट्या दिशेने चालली होती. दोन वर्षांपूर्वी तो साधारण पंधरा पदार्थ खात असे. आता पाच उरले होते: विशिष्ट आकाराचे चौकोनी खारे बिस्किट, कोरडा टोस्ट, बटाट्याचे तळलेले काप, पांढरा मोकळा भात आणि निळ्या कपातले दूध. घरी आजीचे म्हणणे होते की हे सगळे लाडाने झाले आहे, एकदा कडकडून भूक लागू दिली की पोरगा निमूटपणे ताटावर येईल. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांनी हा सल्ला कुणा ना कुणाकडून ऐकलेला असतो आणि काहींनी तो करूनही पाहिलेला असतो.

मी तिला स्पष्ट नकार दिला. वय वर्षे दोन ते सहाच्या दरम्यान बहुतेक मुले नव्या पदार्थाला बिचकतात आणि त्यांच्या बाबतीत भूक, सवय आणि घरच्यांचे पाहून खाणे यांनी हळूहळू काम भागते. स्वमग्न मुलांमध्ये मात्र भुकेची जाणीवच अंधुक असू शकते. पोटातील हालचाल म्हणजे भूक, हा अर्थ त्यांना सहज लागत नाही. शिवाय समोरच्या पदार्थाचा वास, ओलसरपणा किंवा चावताना होणारा आवाज त्यांच्यासाठी इतका तीव्र असतो की तो पदार्थ अन्न म्हणून जाणवतच नाही. आपल्यापुढे कुणी ओली माती ठेवली तर दोन दिवसांच्या उपवासानंतरही आपण ती खाणार नाही, तसाच काहीसा हा प्रकार आहे. उपाशी ठेवल्याने अशी मुले जेवत नाहीत. त्यांची चिडचिड वाढते, शरीरातले पाणी कमी होते, आणि जेवणाच्या टेबलाची भीती मात्र पक्की बसते.

ही अडचण नवी नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांच्या वर्णनातून स्वमग्नतेची ओळख करून दिली, त्यांच्यापैकी अनेकांच्या तान्हेपणीच्या खाण्याच्या तक्रारी त्यांनी नोंदवल्या होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत आला, आणि त्याच पुस्तिकेत 'आर्फिड' हा आहार टाळण्याचा विकारही प्रथम स्वतंत्रपणे मांडला गेला. त्याच वर्षीच्या एका संशोधन-आढाव्यात स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या समस्या इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळल्या आणि त्यांच्या आहारात कॅल्शियम व प्रथिने कमी असल्याचे दिसले. हे मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण 'आपण आई म्हणून कमी पडलो' हे ओझे खाली उतरल्याशिवाय पुढचे काही ऐकू जात नाही.

पहिल्या भेटीत मी अन्नाविषयी फारसे विचारले नाही, शौचाविषयी विचारले. पाच-सहा दिवसांतून एकदा, खडा, आणि त्या दिवशी रडारड, असे उत्तर मिळाले. बद्धकोष्ठता असलेल्या मुलाला भूक लागत नाही आणि खाल्ल्यावर पोट दुखते हेही तो शिकतो. ज्याला 'दुखते' हे सांगता येत नाही तो ताट ढकलून देतो. दाताची कीड, घशाशी येणारे आम्ल, गिळण्यातील दोष यांचेही तसेच. दुधाचे प्रमाण विचारले तेव्हा ते रोज जवळजवळ एक लिटर निघाले. आईला तोच एक दिलासा वाटत होता, पण दुधात लोह नगण्य असते, त्यातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह शोषले जाण्यात अडथळा आणते, आणि इतक्या दुधाने पोट भरल्यावर बाकीच्या अन्नाला जागाच उरत नाही. बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दोन्ही कमी आढळले. त्यांनी बद्धकोष्ठतेवर उपचार सुरू केले आणि लोहाचे थेंब दिले.

येथे माझी एक चूक झाली. औषध कोणत्याही खाद्यपदार्थात मिसळायचे नाही, हे त्या दिवशी सांगायचे माझ्याकडून राहून गेले. आईने स्वाभाविकपणे थेंब दुधात घातले. मुलाने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि त्यानंतर नऊ दिवस दुधाला तोंड लावले नाही. पाचातले चार उरले. या मुलांच्या यादीतला प्रत्येक पदार्थ विश्वासावर उभा असतो. त्यात काहीतरी लपवलेले एकदा आढळले की तो कायमचा बाद होऊ शकतो, आणि किसलेली भाजी गुपचूप मिसळण्याचा लाडका घरगुती उपायही म्हणूनच जपून करावा लागतो. शेवटी औषध जेवणाच्या वेळेपासून आणि जागेपासून पूर्ण वेगळे केले: न्हाणीघरात, छोट्या पिचकारीने, 'औषध, पाणी, झोपाळा' अशी तीन चित्रे आधी दाखवून. दूध परत आणण्यासाठी पिशवी त्याच्यासमोर फोडायची आणि दूध त्यालाच ओतू द्यायचे असे ठरले. ते परत आले, पण वेगळ्या, पारदर्शक कपात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेल्या बऱ्याच कमी प्रमाणात.

दुसऱ्या भेटीत वडिलांनी मोबाइलवर घेतलेला जेवणाचा व्हिडिओ दाखवला. उंच खुर्चीवर मुलगा बसलेला, पाय हवेत लोंबकळत आहेत. समोर कार्टून चालू आहे. वडील मागच्या बाजूने चमचा आणतात, आजी टाळ्या वाजवते, आई 'एकच घास, एकच' म्हणते. चमचा ओठांपर्यंत पोहोचायच्या आधीच मुलाचे दोन्ही हात कानांवर जातात आणि डोळे घट्ट मिटतात. घास ओठाला लागताच ओकारीची उबळ येते. तत्क्षणी आई ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसते आणि तो त्या फडक्यालाही दचकतो. हे सगळे बेचाळीस मिनिटे चालले होते. त्यानंतर त्याला बिस्किटांचा डबा मिळाला आणि तिथला बदल पाहण्यासारखा होता: एकेक बिस्किट उचलून त्याचे चारही कोपरे बोटाने तपासायचे, कोपरा तुटलेले बाजूला ठेवायचे, आणि अखंड असलेले कानाजवळ नेऊन कट्कन मोडायचे.

माझ्या दृष्टीने त्या डब्याजवळची तीन मिनिटे आधीच्या बेचाळीस मिनिटांपेक्षा अधिक सांगणारी होती. मूल काय खात नाही याची यादी पालकांना तोंडपाठ असते. जे खाते ते का खाते, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. या मुलाच्या पाचांपैकी तीन पदार्थ कोरडे, फिकट रंगाचे, सौम्य वासाचे आणि मोडताना आवाज करणारे होते, आणि प्रत्येक वेळी अगदी तसेच लागणारे होते. भातही त्याला मोकळा, दाणा दाण्याला न चिकटलेलाच हवा असे. फळ असे नसते. एक द्राक्ष गोड निघते, दुसरे आंबट, तिसरे मऊ. बिस्किट मात्र कालही तेच होते आणि उद्याही तेच असेल. हा नुसता हट्ट असता तर त्यात इतकी सुसंगती दिसली नसती.

पुढची कामे आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कृती जमाव्यात म्हणून उपचार करणारे तज्ज्ञ) आणि आहारतज्ज्ञ यांच्यासोबत ठरवली. पायांखाली स्टूल आला, कारण आधार नसलेल्या शरीराला सावरण्यातच मुलाचे लक्ष जाते. कार्टून एकदम बंद न करता आधी त्याचा आवाज आणि मग वेळ कमी केला. दिवसात तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त अर्धा तास, आणि मधल्या वेळात फक्त पाणी, असे वेळापत्रक चित्रांत लावले. प्रत्येक ताटात किमान एक खात्रीचा पदार्थ असेल याची हमी घेतली. काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलावर सोडावे, असे एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी मांडलेले कामाचे वाटप मी वडिलांना समजावले. त्यांना ते अजिबात पटले नाही. "मग तो बिस्किटच खाईल," असे ते म्हणाले, आणि पहिले तीन आठवडे तसेच झाले. हा काळ पालकांसाठी सर्वांत कठीण असतो, कारण वरवर पाहता आपण हात टेकले असे दिसते. प्रत्यक्षात मुलगा एक गोष्ट तपासून पाहत होता: चमचा खरोखरच येणार नाही ना.

चौथ्या आठवड्यात ताटाशेजारी एक छोटी बशी ठेवायला सुरुवात केली. तिच्यात घरातल्यांच्या ताटातला एखादा तुकडा असे, आणि तो खावा अशी अपेक्षा नव्हती. टेबलावर राहू देणे, बोटाने स्पर्श करणे, वास घेणे, ओठाला लावणे, चाटणे, चावून थुंकणे, या प्रत्येक पायरीची आईने वहीत नोंद ठेवायची होती. इतर मुलांना नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावर आवडू लागतो असे आढळले आहे. या मुलांना त्याहून कितीतरी जास्त वेळा लागू शकतात, आणि पालक सहसा तिसऱ्या-चौथ्या वेळीच थांबतात.

खाण्यातला बदल मात्र बिस्किटापासूनच सुरू केला, आणि एका वेळी एकच. प्रथम तेच बिस्किट वेगळ्या डब्यातून, मग जवळपास तशाच चवीचे दुसऱ्या कंपनीचे, मग टोस्ट बिस्किटाएवढ्या चौकोनात कापून, मग तोच चौकोन अख्ख्या धान्याच्या ब्रेडचा. त्यानंतर डाळीच्या पिठाचे भाजलेले कुरकुरीत चौकोन आले आणि प्रथिनांना पहिल्यांदा वाट मिळाली. बटाट्याच्या कापांवरून सफरचंदाच्या वाळवलेल्या कुरकुरीत कापांवर येण्यास सात आठवडे लागले. वाळवताना त्यातले क जीवनसत्त्व बरेचसे कमी होते, त्यामुळे पोषणाच्या हिशेबात ते काप मी फारसे धरले नाहीत. पण त्याच्या यादीत आलेले ते पहिले फळ होते. मधल्या काळातील उणीव डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतील पूरक जीवनसत्त्वांनी भरून काढली. ती स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण अ आणि ड जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि जास्त झाली तर अपाय करतात.

याच दरम्यान वडिलांनी विचारले की गहू आणि दूध पूर्ण बंद केल्याने स्वमग्नता कमी होते, असे वाचले आहे, ते करावे का. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असे वर्ज्य आहार वापरू नयेत. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) किंवा ॲलर्जी तपासणीत सिद्ध झाली असेल तर गोष्ट वेगळी. मी त्यांना वहीतली यादी उघडायला सांगितली. बिस्किट, टोस्ट आणि दूध खोडल्यावर भात आणि बटाटा उरला. त्यांनी वही मिटली.

अशा प्रत्येक मुलाच्या बाबतीत इतका वेळ घेता येतोच असे नाही. वजन घटत असेल किंवा महिनोन्‌महिने वाढत नसेल, खाताना वारंवार ठसका लागत असेल, मूल पाणीसुद्धा नाकारत असेल, किंवा धान्य, फळे-भाज्या, प्रथिने यांपैकी एखादा गटच आहारातून नाहीसा झाला असेल, तर समुपदेशनाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. फळे-भाज्या अजिबात न खाणारे मूल अचानक लंगडू लागले, चालायला नकार देऊ लागले किंवा त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावा. हा आजार इतिहासजमा झाला असे आपण समजतो, पण अत्यंत मर्यादित आहार असलेल्या स्वमग्न मुलांमध्ये तो आजही आढळतो आणि सांध्याचे दुखणे समजून त्याच्या निदानाला उशीर होतो. अंधारात नीट न दिसणे ही अ जीवनसत्त्वाच्या उणिवेची खूण असू शकते.

अकरा महिन्यांनी या मुलाची यादी तेरा पदार्थांवर पोहोचली आहे. हिमोग्लोबिन सुधारले, शौच दिवसाआड होते, आणि जेवण पंचवीस मिनिटांत आटोपते. हिरवी भाजी एकही नाही. मधे सर्दी-तापाच्या आठवड्यात दोन पदार्थ गळाले होते, त्यातला एक परत आला. आजारपणानंतर असे होतेच. त्या वेळी नवे काही न आणता जुन्या पायरीवर थांबायचे असते. कुठे जायचे असले की त्याचा डबा सोबत जातो आणि तो आता आजी भरते, तुटक्या कोपऱ्यांची बिस्किटे वेगळी काढून. मागच्या भेटीत आईने वहीचे शेवटचे पान माझ्यापुढे केले. त्यावर उकडलेल्या अंड्यापुढे एकविसाव्या वेळेची नोंद होती: 'चाटले. जीभ रुमालाला पुसली. बशी ढकलली नाही.'