उन्हात घोडा मान झटकतो, काय करू?

प्रश्न : माथेरानला आमचा घोडा आहे, उन्हात नेला की मान जोरात वरखाली झटकतो, नाक पायावर घासतो, शिंकतो. सावलीत एकदम शांत. लोक म्हणतात माजलाय, लगाम आवळ.

उत्तर : दादा, लगाम अजिबात आवळू नका, तो माजलेला नाहीये, त्याला बहुतेक दुखतंय. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नर्व्ह असते ती अतिसंवेदनशील झाली की ऊन, वारा, धूळ एवढ्यानेही नाकात करंट लागल्यासारखं होतं आणि मग बिचारा मान झटकणारच ना. पण आधी व्हेटकडून दात, कान, डोळे, लगामाचं तोंडातलं लोखंड कुठे टोचतंय का हे सगळं नीट चेक करून घ्या, कारण या नर्व्हची अशी एक टेस्ट नाही, बाकीची कारणं बाद करतच तिथे पोचावं लागतं. तोवर नाकावर मऊ जाळी बांधून बघा, श्वास मोकळा राहील अशी, स्वस्त आहे आणि काही घोड्यांना खरंच खूप आराम पडतो. डोळ्यांना ऊन लागून होत असेल तर यूव्ही अडवणारा मास्क घाला, काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा. गोळ्या फक्त व्हेटच्या सल्ल्याने, काहींनी सुस्ती येते. आणि झटके जोरात असतील तर कृपया पर्यटक बसवू नका, उतारावर दोघंही पडतील.