गावात फ्लूच्या लशीचे शिबिर घ्यायचे आहे. ग्रामपंचायतीने आधी काय तयारी करावी?

आपण विचारले आहे की, यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या तीन हजार वस्तीच्या गावात मागच्या पावसाळ्यात घरोघरी ताप-खोकला झाला, दोन वृद्धांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवावे लागले, म्हणून यंदा लोकवर्गणीतून लशीचे शिबिर घ्यावे का आणि त्याची तयारी कशी करावी. विदर्भातच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे. शिबिर जरूर घ्या, परंतु लशीची मागणी करण्याआधी यादी करा, असे मी सांगेन.

हे मी एका फसलेल्या शिबिरामुळे सांगतो. आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाला, शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडले. नुकताच पाऊस पडून गेला होता आणि अख्खे गाव पेरणीला गेले होते. दुपारपर्यंत 22 जण आले, त्यांतले बहुतेक चौकात बसणारे धडधाकट तरुण होते. गावाच्या टोकाला राहणारी, दम्याने बेजार असलेली एक म्हातारी आली नाही, कारण तिला घेऊन येणारे कोणी घरी नव्हते. पोळ्याच्या आठवड्यात तिला ऑक्सिजन लावावा लागला. ती वाचली, पण ज्यांच्यासाठी लस आणली होती ती माणसे सोडून इतरांना ती दिली गेली, हे मला आजही लागते.

म्हणून यादी आधी. गरोदर माता, साठी ओलांडलेली माणसे, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण, सहा महिन्यांवरील लहान मुले, आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताई व अंगणवाडी सेविका यांची नावे आधी लिहा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळते ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीतून, त्यामुळे गरोदर माता यादीत सर्वांत वर असाव्यात. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि गरोदर मातांची नोंद तिच्या वहीत असतेच, तेव्हा आपल्या तीन आशाताई ग्रामसेवकांसोबत बसल्या तर दोन संध्याकाळी हे काम होईल. ती यादी घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. महाराष्ट्र शासनाने 2015 पासून गरोदर माता, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण व आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ही लस मोफत उपलब्ध करण्यास सुरुवात केली. साठा मर्यादित असतो, पण नावानिशी मागणी नेली तर बोलणे पुढे सरकते. वर्गणी गोळा करायची ती उरलेल्यांसाठी.

शिबिराची वेळ शेतीच्या कामांवरून ठरवा. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून मे महिन्याची अखेर किंवा जूनचा पहिला आठवडा, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, योग्य ठरतो. सकाळी सहा ते आठ किंवा दिवेलागणीनंतर शिबिर ठेवले तर कोणाची मजुरी बुडत नाही. विषाणू बदलत राहतो, त्यामुळे लस दरवर्षी घ्यावी लागते, हेही आधीच सांगून ठेवा.

मे महिन्यातल्या आपल्या उन्हात लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण गोठल्यानेही ही लस निकामी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच लस वाहकात ठेवू नयेत; ते बाहेर ठेवावेत आणि हलवल्यावर आतले पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच भरावेत. खासगी पुरवठादार लस आणणार असेल तर नर्सबाईंना सोबत घेऊन हे स्वतः बघा.

लोक विचारतील, “सर्दीच त होय, त्यासाठी सुई कायले?” तेव्हा फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत तो उतरला की न्यूमोनिया होतो, हे मागच्या वर्षीच्या त्या दोन वृद्धांचा दाखला देऊन सांगा. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून लशीने फ्लू होत नाही; दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येऊ शकते. एका माळकरी बाबांनी मला विचारले होते की, ही लस अंड्यापासून करतात का. बहुतेक लशींसाठीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हे मी त्यांना खरे सांगितले. त्यांनी लस घेतली नाही, पण आपल्या दमेकरी पत्नीला स्वतः घेऊन आले. खरे सांगितल्याने विश्वास राहतो.

लस घेऊनही काहींना आजार होणारच. धाप लागणे, ओठ निळे पडणे, माणूस गुंगीत जाणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा; फ्लूवरचे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. एक ते पाच वर्षांच्या खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा अधिक वेळा चालत असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना व सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले. आपल्या आशाताईही हे करू शकतात. आणि यादीत एक शेवटचा रकाना जरूर ठेवा: रात्री 108 ची गाडी पोहोचायला उशीर झाला तर या माणसाला कोण नेणार आणि कोणाच्या गाडीने.